रात्री आठचा आकडा

खोटा आकडा कसा लिहावा हे मला आमच्या फोरमनने शिकवलं. "सरळ आकडे लिहू नकोस," तो म्हणाला होता. "सात, सात, सात असं लिहिलंस तर आंधळासुद्धा ओळखेल. जरा वरखाली कर. सात, सात-दोन, सहा-नऊ. मधेच एकदा पेन बदल." मी तेव्हा नवा होतो. मला त्याच्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

मी बॉयलर चालवतो. आमचा धुलाईचा मोठा कारखाना आहे. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी आमच्याकडे येतात आणि त्यांना लागणारी सगळी वाफ माझ्या बॉयलरमधून जाते. दर तासाला प्रेशरचा काटा बघायचा, पाण्याची काच बघायची आणि वहीत लिहायचं, असा नियम आहे. तो फ्रेम करून भिंतीवर लावलेला आहे. प्रत्यक्षात शिफ्ट संपायला पंधरा मिनिटं उरली की आम्ही टेबलाशी बसतो आणि आठ तासांचे आकडे एका बैठकीत लिहून टाकतो. याला आमच्यात 'वहीचं पोट भरणं' म्हणतात. ज्याला घाई असेल तो पुढच्या दोन तासांचेही आधीच लिहून ठेवतो. बारा वर्षांत कधी काही झालं नाही, त्यामुळे हे अंगवळणी पडलं.

ही, म्हणजे माझी बायको, गरोदर राहिली तेव्हा आम्ही दोन बस बदलून एका दवाखान्यात जायला लागलो. तिथली सिस्टर मोठी खमकी बाई. नवरा बाहेर बाकावर बसलेला तिला चालायचा नाही. "आत या," ती दारातून ओरडायची. "मूल काय शेजाऱ्याचं आहे?" पहिल्याच दिवशी तिने हिच्या माहेरची चौकशी केली. हिच्या आईला दुसऱ्या बाळंतपणात बीपी चढून झटके आले होते आणि ती त्यातच गेली. जे मूल वाचलं तो माझा मेहुणा. हे ऐकल्यावर सिस्टरने कपाटातून बीपीचं मशीन काढलं. दंडाला पट्टा, दाबायला रबरी फुगा आणि गोल काचेत एक काटा. सोबत कानात घालायची नळी आणि एक वही.

"बॉयलरवाले आहात ना? मग काटा वाचायला शिकवायला नको," ती म्हणाली. "ठोका ऐकू यायला लागतो तो वरचा आकडा, बंद होतो तो खालचा. सकाळी आठ, रात्री आठ. वरचा एकशे चाळीसला किंवा खालचा नव्वदला टेकला की मला फोन. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, बरगड्यांखाली दुखलं, तर फोनही नको, सरळ हॉस्पिटल. पोट तिचं, वही तुमची."

मी पहिले दोन महिने चोख काम केलं. ही खुर्चीत बसायची, बाही वर करायची आणि मी फुगा दाबायचो. पट्टा सुटला की ती विचारायची, "आज किती?" मी डॉक्टरचा आव आणून आकडा सांगायचो. ती हसायची.

मग कारखान्यातला एक ऑपरेटर नोकरी सोडून गेला आणि मला दोन-दोन शिफ्ट करायला लागल्या. घरी यायचो तेव्हा ही झोपलेली असायची. तिला कशाला उठवायचं, असं म्हणून एक दिवस चुकला, मग चार चुकले. पुढच्या खेपेला दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून मी त्या रिकाम्या ओळी भरल्या. जरा वरखाली केलं. मधेच एकदा पेन बदललं.

सिस्टरने वही बघितली आणि ती घेऊन ती बाहेर गेली. बाकावर पाच-सहा नवरे बसले होते. त्यांच्यासमोर तिने वही उघडून धरली. "बघा, याला म्हणतात नवरा. एक ओळ रिकामी नाही." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला बोलू, मला लाज वाटली नाही. मला छान वाटलं. परत येताना बसमध्ये हिने माझा हात धरला होता. त्यानंतर रिकामी वही दाखवणं मला शक्यच नव्हतं. सातवा महिना लागला तेव्हा सिस्टर म्हणाली, "तुमची वही असताना तिला एवढी फरफट कशाला? दर आठवड्याला पानाचा फोटो पाठवा. मी बघत जाईन."

म्हणजे खोट्या वहीचं बक्षीस म्हणून हिची खरी तपासणी बंद झाली. आणि मी सिस्टरचे आभार मानले!

एकदा मात्र मी खरंच बीपी घेतलं होतं. रविवार होता, मी घरी होतो. हिचे पाय सुजले होते, अंगठी बोटातून निघत नव्हती. काटा एकशे पन्नासवर असतानाच ठोका ऐकू आला आणि शंभरला बंद झाला. मी काचेवर टिचकी मारली. बॉयलरवर आम्ही हेच करतो. काटा अडकतो, टिचकी मारली की खाली येतो. परत घेतलं, एकशे शेहेचाळीस आलं. परत टिचकी मारली.

"आज किती?" हिने विचारलं.

"मस्त," मी म्हणालो आणि वहीत एकशे सव्वीस-ब्याऐंशी लिहिलं. काटा बिघडला असणार, दुसरं मशीन मागून घेऊ, असं ठरवलं. ते राहून गेलं.

त्यानंतर तिचं डोकं दुखायला लागलं. ती कपाळाला ओढणी घट्ट बांधून काम करायची. माझी आई म्हणायची, "माझेही पाय सुजायचे, माझंही डोकं दुखायचं. त्यात काय एवढं?" मी म्हणायचो, "चष्मा लागला असेल." एकदा ती भांडी घासता घासता थांबली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी विचारलं तर माझीच समजूत काढायला लागली. "तुमची वही तर चांगलंच सांगते. म्हणजे मलाच उगाच वाटतंय."

आणि मी, मेलो नाही मी तिथे, मान डोलावली.

त्या दिवशी मी सकाळच्या शिफ्टला होतो. दुपारी एकच्या सुमाराला आईचा फोन आला. "अरे, तिला दोनदा उलटी झाली. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत म्हणते. बरगड्यांखाली धरून बसलीय. तिचा भाऊ टेम्पो घेऊन आलाय, आम्ही मोठ्या हॉस्पिटलात निघालोय." मागून हिच्या कण्हण्याचा आवाज येत होता. तो मी यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

पेटता बॉयलर सोडून जाता येत नाही. बदली माणूस येईपर्यंत ऑपरेटरने जागेवरून हलायचं नाही, हा एक नियम मात्र आम्ही कटाक्षाने पाळतो. बदली माणूस यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी काट्यासमोर उभा होतो. बारा वर्षांत पहिल्यांदाच मी त्याच्याकडे सलग बघत होतो. बॉयलर सोडता येत नाही आणि बायको सोडता येते, हे कुठल्या शहाण्याने ठरवलं, असं ओरडावंसं वाटत होतं. ठरवलं तर मीच होतं.

हॉस्पिटलच्या लांब खोलीत हिला खिडकीजवळच्या खाटेवर ठेवलं होतं. हाताला सलाईन, चेहरा एवढा सुजलेला की डोळे बारीक झाले होते. इतकी सूज एका दिवसात येत नाही. मी रोज सकाळी तिच्यासमोर बसून चहा पीत होतो, मग बघत काय होतो?

मेहुणा पायथ्याशी उभा होता. आईने पिशवीतून माझी वही आणली होती आणि ती डॉक्टरीणबाईंच्या हातात होती.

"ही कोणी ठेवली?" बाईंनी विचारलं.

"माझ्या मुलाने," आई म्हणाली. रडता रडताही तिची मान ताठ होती. "एक दिवस चुकला नाही हो."

बाईंनी पानं उलटली आणि मला खुणेने दाराशी बोलावलं. आई आणि मेहुणाही मागोमाग आले. "आत्ता एकशे शहात्तर-एकशे सोळा आहे," बाई म्हणाल्या. "झटके येऊ नयेत म्हणून औषध सुरू केलंय. पण काल रात्रीपर्यंत सगळं नॉर्मल दिसतंय. म्हणजे हे आजच चढलंय. बत्तीसावा आठवडा आहे, बाळाची फुप्फुसं कच्ची आहेत. बीपी खाली आणून दोन दिवस काढता आले तर बाळाला इंजेक्शनं देता येतील, त्याचा फार फायदा होईल. हे जुनं असतं तर मी थांबले नसते. तिचं लिव्हर, तिच्या किडन्या किती दिवस हा दाब सोसतायत त्यावर सगळं आहे. रक्ताचे रिपोर्ट यायला दोन तास लागतील. तोवर ही वहीच आपला आधार."

मेहुण्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊजी, तुमची वही होती म्हणून बरं झालं."

मी गप्प राहिलो. वाटलं, रिपोर्ट येतीलच. ते सांगतील काय ते, मी कशाला बोलू? वाटलं, खरंच आजच चढलं असेल. दोन दिवस मिळाले तर बाळाचं भलंच आहे. माणूस स्वतःला वाचवायला निघाला की त्याला बाळाचाही पुळका येतो. झाकली मूठ झाकलीच राहील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. किती वेळ गेला कोण जाणे, अर्धं मिनिट असेल.

मग मला वहीतली शेवटची ओळ दिसली. पान उघडंच होतं, बाईंचा अंगठा तिच्या खालीच होता. आजची तारीख. रात्री आठ. एकशे बावीस-ऐंशी. ती मी सकाळीच, चहा पिता पिता लिहिली होती. रात्री दुसरी शिफ्ट लागली तर राहून जाईल, म्हणून. खाटेवर ही दोन्ही हातांनी डोकं दाबून धरत होती आणि वहीत तिची रात्र सुखात गेली होती.

"मॅडम," मी म्हणालो. "शेवटची ओळ वाचा."

त्यांनी वाचली. "बरं?"

"तारीख आजची आहे. रात्री आठ लिहिलंय. आत्ता सव्वातीन वाजलेत."

बाईंनी दारावरच्या घड्याळाकडे बघितलं, परत वहीकडे बघितलं. "यातलं खरं किती आहे?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"पहिले दोन महिने. नंतरचं सगळं मनचं."

"शेवटचं खरं बीपी कधी घेतलंत?"

"सोळा दिवसांपूर्वी. एकशे पन्नास-शंभर होतं. मी एकशे सव्वीस लिहिलं. वाटलं, काटा बिघडलाय."

"डोकं कधीपासून दुखतंय?"

"तेव्हापासूनच."

"तो फार थकून यायचा हो, डॉक्टर," आई मधेच म्हणाली.

"आई, गप्प बस!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. सगळी खोली आमच्याकडे बघायला लागली. माझ्या खांद्यावरचा हात कधी निघाला ते मला कळलं नाही.

बाई माझ्यावर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, पानावर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात एक रेघ ओढली आणि वही मला परत दिली. मग वळून हाक मारली, "थिएटर तयार करा. आता थांबायचं नाही. बाळांच्या डॉक्टरांना बोलवा." कुणीतरी माझ्यापुढे कागद धरला. मी सही केली. माझी सही त्या वहीतल्या अक्षरासारखीच नीटनेटकी आली, त्याचासुद्धा मला राग आला.

हिला ढकलगाडीवर घेतलं. अंगावरच्या चादरीच्या कोपऱ्यावर आमच्या कारखान्याचा निळा शिक्का होता. मी गाडीबरोबर चालत होतो. तिने डोळे किलकिले केले.

"अहो, आज किती?"

सवयीने 'मस्त' हा शब्द ओठांवर आला होता. तो मी गिळला. "एकशे शहात्तर. खालचा एकशे सोळा."

"आणि काल?"

"काल घेतलंच नव्हतं. परवाही नाही. ते सगळं मी मनाने लिहायचो, अगं. त्या रविवारी एकशे पन्नास होतं. मी तुला खोटं सांगितलं."

ती रडेल असं वाटलं, शिव्या देईल असं वाटलं. ती छताकडे बघत राहिली. गाडी थिएटरच्या दाराशी थांबली. ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "म्हणजे माझं डोकं खरंच दुखत होतं."

दार बंद झालं.

बाहेर एक लांब बाक होतं. आई एका टोकाला बसली, मी दुसऱ्या टोकाला. मेहुणा खाली फरशीवर बसला, भिंतीला पाठ लावून. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. बदलीवर आलेला माणूस होता. चांगला माणूस आहे तो, मनापासून बोलत होता. "वहिनी कशा आहेत? तू इकडची अजिबात काळजी करू नकोस. तुझ्या शिफ्टचे आकडे मी भरून टाकतो."

"नको," मी म्हणालो. "रिकामे ठेव."

"अरे, पण साहेब विचारतील."

"विचारू दे ना! रिकामे ठेव म्हटलं ना एकदा!"

मेहुणा हे सगळं ऐकत होता. तो वर न बघता बोलला. "मला वाटायचं, माझ्या आईच्या वेळी कुणाला काही कळत नव्हतं म्हणून ती गेली. तुम्हाला तर सगळं शिकवलं होतं, भाऊजी."

मी वही उघडली. रेघ मारलेलं पान, त्याच्या आधीचं पान, त्याच्या आधीचं. इतकं सुंदर वरखाली केलं होतं. त्यातल्या एकेका ओळीला ती डोकं बांधून ओट्याशी उभी होती, आणि एकेका ओळीला माझ्या एका फोनने ती वाचली असती. सोळा दिवसांच्या बत्तीस ओळी, म्हणजे बत्तीस वेळा.

साडेपाचला एक सिस्टर बाहेर आली. "मुलगी झाली. तेराशे ग्रॅम. रडली, पण श्वासाला मदत लागेल. पेटीत ठेवलीय."

"आणि ही?"

"झटका आला होता टेबलावर. मग आणखी एक आला. आटोक्यात आहे. शुद्धीवर कधी येईल ते आत्ता सांगता येणार नाही." ती लगेच आत गेली.

आईने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. मला तेही घेता येईना. कुठल्या तोंडाने मागणार आणि काय म्हणून मागणार? मी बाकावर हात दाबून बसलो आणि फक्त एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिलो. मला परत त्या रविवारात नेऊन सोड. मी टिचकी मारणार नाही.

ती त्या दिवशी शुद्धीवर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काचेच्या पेटीत माझ्या मुलीची छाती उचकी लागल्यासारखी हलत होती, नाकात नळी होती. तिची मूठ माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी. मी या काचेपासून त्या काचेपर्यंत फिरत होतो. मेहुणा जेवणाचा डबा आणून आईच्या हातात द्यायचा आणि माझ्याशी न बोलता जायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिने डोळे उघडले. मला आत सोडलं तेव्हा सिस्टर तिच्या दंडाला पट्टा बांधत होती. तसंच मशीन होतं, गोल काचेचं, काट्याचं. ही आधी माझ्याकडे बघत राहिली. ओळख पटली हे मला दिसलं. मी मुलीचं सांगितलं, श्वास घेतेय, आज नळीतून दोन थेंब दूधही दिलं, असं सांगितलं. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी वाहत कानात गेलं. मी ते पुसायला हात पुढे केला, पण तिने मान थोडी वळवली. अगदी थोडी.

सिस्टरने फुगा दाबला, सोडला. मी उभा होतो तिथून मला काटा स्वच्छ दिसत होता.

"किती?" तिने विचारलं. ओठ कोरडे पडले होते, आवाज जेमतेम फुटला.

"एकशे अडतीस," मी म्हणालो. "खालचा अठ्ठ्याऐंशी. खरंच, अगं."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती सिस्टरच्या तोंडाकडे बघत राहिली. सिस्टरने नळी कानातून काढली, कागदावर लिहिलं आणि हो म्हणून मान हलवली. तेव्हा कुठे तिने डोळे मिटले.